पक्ष एवढासा, तालुका मोठा: छोट्या पक्षाच्या नेत्याचं राजकारण चालतं कसं?

महापालिकेचे अर्ज भरायची शेवटची दुपार आली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र. कुणाला मिळाला, कुणाचा ऐनवेळी कापला, कुणाच्या हातातून पळवला. गेल्या निवडणुकीत पुण्यात एका इच्छुकाने दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी झळकली आणि राज्यभर हशा पिकला. हा सगळा तमाशा मोठ्या पक्षांचा. त्याच रांगेत छोट्या पक्षाचा उमेदवारही उभा असतो. त्याला फॉर्मची ददात नसते, कारण तिकिटासाठी भांडणारं दुसरं कुणी नसतंच. त्याच्या अडचणी फॉर्म दिल्यानंतर सुरू होतात.

अशा नेत्यांबद्दल लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. निवडून येण्याइतकी ताकद आहे, तर हा मोठ्या पक्षात का जात नाही? आणि गेलाच, तर मग इतकी वर्षं तत्त्वाच्या गप्पा कशाला मारत होता? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपण माणसाच्या स्वभावात शोधतो. माझं म्हणणं असं की त्यातली निम्मी तरी निवडणुकीच्या नियमपुस्तकात सापडतात.

## छोटा म्हणजे नक्की किती छोटा?

पक्ष काढणं अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार स्थापनेपासून ३० दिवसांत केंद्रीय निवडणूक आयोगाकडे अर्ज करायचा, मतदार यादीत नाव असलेले किमान १०० सदस्य दाखवायचे, १० हजार रुपये शुल्क भरायचं. झाला पक्ष नोंदणीकृत. असे पक्ष देशात हजारोंनी आहेत आणि त्यातले बरेच फक्त कागदावर. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ काढले.

नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. मान्यता मतांवर आणि जागांवर मिळते. राज्य पक्ष व्हायचं तर विधानसभेत ६ टक्के मतं आणि २ आमदार हवेत. नाहीतर ३ टक्के जागा, म्हणजे महाराष्ट्रात ९ आमदार. नाहीतर जागा एकही नसली तरी ८ टक्के मतं. लोकसभेच्या निकालावरून मान्यता मिळायचेही निकष आहेत, पण ते इथे बाजूला ठेवू.

या लेखात छोटा पक्ष म्हणजे नोंदणी असलेला पण मान्यतेच्या काठावरचा किंवा तिच्याबाहेरचा पक्ष. काठ म्हटलं, कारण घसरण किती वेगाने होते ते मनसेकडे पाहिलं की कळतं. २००९ मध्ये १३ आमदार, २०१४ मध्ये एक, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये शून्य. नाशिक महापालिकेत २०१२ मध्ये १२२ पैकी ४० नगरसेवक आणि महापौर, पाच वर्षांनी ५.

## चिन्हात एवढं काय आहे?

मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह म्हणजे एसटीतलं आरक्षित आसन. गाडी कितीही भरू दे, तिकिटावर नंबर आहे. छोट्या पक्षाचं चिन्ह म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. बहुतेक वेळा मिळते. पण आत चढेपर्यंत तिथे दुसरा कुणी बसलेला निघाला, तर भांडण्यापलीकडे हातात काही नसतं.

आयोगाकडे ‘मुक्त चिन्हां’ची यादी असते. मान्यता नसलेल्या पक्षाला त्यातलं एक चिन्ह सगळ्या उमेदवारांसाठी मागता येतं, पण मग किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. २८८ च्या विधानसभेत त्या होतात १५. ज्या पक्षाची ताकद तीन तालुक्यांत आहे, त्याने उरलेले बारा उमेदवार आणायचे कुठून? म्हणून मग असे लोक उभे केले जातात ज्यांचं डिपॉझिट जाणार हे त्यांनाही माहीत असतं. विधानसभेचं डिपॉझिट खुल्या प्रवर्गाला १० हजार रुपये, आणि ते वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात.

चिन्ह हातचं गेलं की काय होतं ते वसई-विरारकरांनी पाहिलंय. बहुजन विकास आघाडीची ‘शिट्टी’ तिथे पोराटोरांना माहीत. २०१९ च्या लोकसभेला पालघरमध्ये ती मिळाली नाही आणि पक्षाला ‘रिक्षा’ घेऊन लढावं लागलं. प्रचाराला उरलेल्या थोड्या दिवसांत लाखो मतदारांच्या डोक्यातली शिट्टी काढून तिथे रिक्षा बसवायची, हे काम पैसेवाल्या पक्षालाही जड जाईल.

फरक इथेच थांबत नाही. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग छोटे पक्ष, शेवटी अपक्ष. ज्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही असे ‘स्टार प्रचारक’ मोठ्यांना ४०, छोट्यांना २०. आकाशवाणी-दूरदर्शनवरची फुकट वेळ फक्त मान्यताप्राप्तांना. एकेक फरक सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो, पण निवडणुकीच्या पंधरवड्यात हे सगळे एकाच उमेदवाराच्या अंगावर येतात.

## मग सुरुवात कुठून होते?

ग्रामपंचायतीपासून, असं सगळे म्हणतात. पण महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढतच नाहीत. निकालाच्या रात्री प्रत्येक पक्ष ‘आमचे इतके सरपंच’ म्हणून जे आकडे सांगतो, ते म्हणूनच कुणालाच तपासता येत नाहीत. छोट्या पक्षासाठी मात्र हे बरं असतं. पॅनेल गावाचं, नेता आपला, चिन्हाची कटकट नाही.

पक्षाची खरी परीक्षा पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेत. या निवडणुका केंद्रीय आयोग घेत नाही. त्यासाठी राज्य निवडणूक आयोग आहे आणि त्याच्याकडची नोंदणी निराळी. दिल्लीत नोंदणी आहे म्हणून इथे निश्चिंत बसलेल्या पक्षाची हिशेबपत्रकं भरायची राहून गेली, की ऐन निवडणुकीत पंचाईत होते.

जिल्हा परिषदेतून वर चढलेल्यांत ठळक नाव राजू शेट्टींचं. ऊस दराच्या आंदोलनातून २००२ मध्ये जिल्हा परिषदेत, २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदार, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्याचे खासदार. वर्गणी काढून निवडणूक लढवणारा माणूस सात वर्षांत जिल्हा परिषदेतून लोकसभेत गेला. पण २०१९ आणि २०२४ ला तोच मतदारसंघ त्यांना पाडून मोकळा झाला. पाठीशी मोठा पक्ष असता, तर अशा नेत्याला विधान परिषद किंवा महामंडळ देऊन धरून ठेवता आलं असतं. छोट्या पक्षात पडलेल्या माणसाला झेलायला जाळीच नसते.

शहरात गणित आणखी बिघडतं. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चारचे. मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो. चार गल्ल्यांत ज्याचं घरोघर येणं-जाणं आहे, त्याला आता चौपट इलाखा पिंजून काढायचा आणि सोबतीला आरक्षणाप्रमाणे तीन उमेदवारही उभे करायचे. बरेच जण तिथेच मोठ्या पक्षाच्या पॅनेलमध्ये शिरतात. त्यांना दोष देताना प्रभागाचा नकाशा एकदा पाहावा.

## तीन नगरसेवक निवडून आणून करायचं काय?

पुष्कळ काही करता येतं, फक्त आकडेमोड जमली पाहिजे. महापालिकेच्या तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. मुंबईबाहेरच्या महापालिकांत या समितीत १६ सदस्य असतात आणि त्या जागा पक्षांच्या ‘तौलनिक संख्याबळा’वर, म्हणजे सभागृहात कुणाचे किती नगरसेवक या प्रमाणात वाटल्या जातात. समजा सभागृह ८० जणांचं आहे. म्हणजे पाच नगरसेवकांमागे समितीची एक जागा. तिघांच्या पक्षाच्या वाट्याला येते ०.६ जागा. दोन अपक्ष सोबत घेतले की झाली पूर्ण एक.

निकालानंतर विभागीय आयुक्तांकडे गट आणि आघाड्या नोंदवण्याची धावपळ चालते ती यासाठी. कुठलासा तीन नगरसेवकांचा पक्ष आणि दोन अपक्ष मिळून ‘शहर विकास आघाडी’ असं काहीतरी नाव घेतात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि आपण पान उलटतो. त्या चार ओळींत पाच वर्षांच्या निविदांवर नजर ठेवायची एक खुर्ची ठरलेली असते. त्या खुर्चीत बसून नजर ठेवली जाते की वाटा मागितला जातो, हे माणसावर.

जिल्हा परिषदेतही तेच. रायगडमध्ये २०१७ साली ५९ पैकी सर्वाधिक २३ जागा शेकापने जिंकल्या, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाने. अध्यक्षपद मात्र निम्म्याच जागा असलेल्या राष्ट्रवादीला गेलं, आघाडीत तसं ठरलं होतं. छोट्या पक्षाला स्थानिक पातळीवर मोठा होऊनही राज्यातल्या आपल्या वजनाप्रमाणेच वागावं लागतं.

शिवाय विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांचे लोकप्रतिनिधी निवडतात. त्या निवडणुकीच्या आधी ज्या नगरसेवकाला एरवी कुणी विचारत नाही, त्याचेही फोन वाजू लागतात.

## विधानसभेत एकटा आमदार बोलणार तरी किती?

चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येवर वाटला जातो, त्यामुळे एकट्या आमदाराच्या वाट्याला मिनिटं येतात आणि तीही बहुधा सभागृह ओस पडल्यावर. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अशासकीय विधेयक ही हत्यारं आमदाराची असतात, पक्षाची नव्हे. अभ्यास असेल तर एकटा माणूस मंत्र्याला घाम फोडतो. एकुलता आमदार असेल तर गटनेता तोच आणि प्रतोदही तोच, स्वतःवर व्हिप म्हणजे पक्षादेश काढायचा आणि स्वतःच पाळायचा.

त्याचं वजन वाढतं ते आकडे अटीतटीचे झाले की. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी छोटे पक्ष आणि अपक्ष आमदारांची कशी मनधरणी चालली होती, ते आठवत असेलच. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षाने कुणालाच दाखवायची नसते. विधान परिषदेला मतदान गुप्त, म्हणजे तिथे शब्द कुणी पाळला हे कळायची सोय नाही.

याचा फटका शेकापच्या जयंत पाटलांना १२ जुलै २०२४ रोजी बसला. ११ जागांसाठी १२ उमेदवार, विजयाचा कोटा २३ मतांचा. शरद पवारांच्या पक्षाचा पाठिंबा असूनही त्यांना पहिल्या पसंतीची १२ मतं पडली आणि बारा जणांत पडणारा एक कोण, तर ते. मोठ्या मित्राचा पाठिंबा म्हणजे त्याच्याकडे शिल्लक उरलेली मतं, हे त्या दिवशी उघड दिसलं.

वजन वापरायचं नाही, असंही ठरवता येतं. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासमतावेळी १६९ आमदार बाजूने होते आणि चार तटस्थ राहिले: एमआयएमचे दोन, माकपचा एक, मनसेचा एक. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तीन पक्ष त्या दिवशी एकाच रकान्यात मोजले गेले.

## मग पक्षांतरबंदी असताना हे लोक उड्या कशा मारतात?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ झाले तरच आमदारकी वाचते. शंभर आमदारांच्या पक्षात दोन तृतीयांश म्हणजे ६७ माणसं गोळा करणं. तिघांच्या पक्षात दोघं पुरतात. एकट्याच्या पक्षात त्याने आरशात पाहून होकार दिला की शंभर टक्के. बिहारमध्ये २०२१ साली बहुजन समाज पक्षाचा एकमेव आमदार आणि पाठोपाठ लोक जनशक्ती पक्षाचा एकमेव आमदार असेच संयुक्त जनता दलात गेले. म्हणजे ज्या कायद्याने मोठे पक्ष शाबूत राहावेत अशी अपेक्षा, तोच छोट्या पक्षाचं दार सताड उघडं ठेवतो. मला हा त्या कायद्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो आणि त्यावर चर्चा होते सगळ्यांत कमी.

स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा अपात्रता कायदा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईत मनसेच्या सात नगरसेवकांपैकी सहा शिवसेनेत गेले. दोन तृतीयांशाला पाच पुरले असते.

एक उडी मात्र निवडणुकीआधीच मारलेली असते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. युतीत मोठा भाऊ म्हणतो, ‘जागा देतो, पण आमच्या चिन्हावर लढा.’ छोट्या पक्षाचा माणूस लढतो, जिंकतो, हार घालून आपल्या कार्यालयात येतो. पण सभागृहाच्या दप्तरात तो ज्या चिन्हावर निवडून आला त्या पक्षाचा सदस्य. व्हिप त्यांचा लागू. त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या खात्यात ना ती मतं जमा होतात ना ती जागा, म्हणजे मान्यतेच्या निकषांसाठी तो पक्ष तिथे लढलाच नाही.

आणि सत्तेत वाटा मिळाला तर? राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे सदाभाऊ खोत २०१६ मध्ये राज्यमंत्री झाले. वर्षभराने संघटनेने त्यांना काढलं, त्यांनी रयत क्रांती काढली. मंत्रिपद एक आलं आणि संघटना दोन झाल्या.

## त्यापेक्षा सरळ अपक्ष का लढू नये?

अनेक जण लढतातच. अपक्षाला व्हिप नाही, मंत्रीही होता येतं. पण निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात प्रवेश केला की आमदारकी जाते. विलीनीकरणाची सोय त्याला नाही. शिवाय अपक्षाला दुसरी फळी नसते. तालुक्यात पंचायत समितीचे चार उमेदवार उभे करायचे तर नाव, झेंडा, चिन्ह काहीतरी सामाईक लागतं. आपल्या एकट्याच्या पुढचं पाहणारा माणूस म्हणूनच पक्ष काढतो.

## आणि मतं खाण्याचं काय?

‘तुम्ही लढलात म्हणून अमका आला’ हा आरोप छोट्या पक्षाला प्रत्येक निकालानंतर ऐकावा लागतो. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, बाकीची मतं वाया. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात लाखोंनी मतं मिळाली, पण ती विखुरलेली. आघाडीतून जिंकली फक्त औरंगाबादची जागा, तीही एमआयएमने. तेवढीच मतं तीन जिल्ह्यांत एकवटलेली असती तर चित्र निराळं दिसलं असतं.

पण मतं मुळात मोठ्या पक्षाच्या मालकीची होती आणि छोट्याने ती पळवली, हे गृहीतच मला पटत नाही. २०२४ ला मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचा उमेदवार १६२ मतांनी जिंकला. हरलेला दुसऱ्या एका स्थानिक छोट्या पक्षाचाच होता. तिथे कुणी कुणाची खाल्ली?

## टिकतात ते कशावर?

याचं सर्वांत भक्कम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला. शेकापचे गणपतराव देशमुख इथून १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा, त्याच पक्षातून, त्याच तालुक्यातून. मध्ये दोनदा पडले. १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी गेले, १९९९ ला पुन्हा निवडून आले. १९७८ आणि १९९९ अशा दोन सरकारांत मंत्री होते. एवढ्या काळात त्यांचा पक्ष राज्यात आक्रसत गेला, पण सांगोल्यात त्याची झळ बसली नाही.

साध्या राहणीच्या, एसटीने मुंबई गाठण्याच्या गोष्टी त्यांच्याबद्दल सांगितल्या जातात आणि त्या खऱ्याच आहेत. पण साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. पावसाने पाठ फिरवलेला तालुका, पाण्याचा प्रश्न जन्मभराचा. नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीची पाणी परिषद, टेंभू आणि म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याचा पाठपुरावा, शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी नीट चालवून दाखवणं. सरकार कुणाचंही असो, तालुक्यातल्या माणसाला आपलं काम घेऊन जायला एक जागा होती, आणि ती पक्षाच्या मुंबईतल्या ताकदीवर अवलंबून नव्हती.

सोलापूर शहरात माकपचे नरसय्या आडम यांचं हेच. १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार, त्यानंतर सलग पराभव. तरी कामगारांसाठी कुंभारीत ३० हजार घरांची रे नगर वसाहत त्यांनी आमदारकी नसताना रेटली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली १५ हजार घरं लोकांच्या ताब्यात गेली.

अर्थात, माणसाभोवती बांधलेला पक्ष माणूस बाजूला झाला की डगमगतो. गणपतरावांनी २०१९ ला निवडणूक लढवायची नाही असं ठरवलं आणि त्यांचा नातू ७६८ मतांनी हरला. १९९५ ला गणपतरावांना हरवणारे शहाजीबापू पाटीलच पुन्हा समोर होते. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, तिरंगी लढतीत सुमारे २५ हजारांनी जिंकले आणि विधानसभेत शेकापचे एकमेव आमदार झाले. वर्षभरात सांगोला नगरपरिषदेची निवडणूक लागली. डाव्या विचारांचा म्हणून ओळखला जाणारा हा पक्ष तिथे भाजपसोबत युती करून उतरला. राज्यात विरोधी बाकावर आणि गावात सत्ताधाऱ्यांच्या मांडीला मांडी, यावर मुंबईत बसून बरीच टीका झाली. सांगोल्यात चर्चा होती ती भाजपच्या मित्रपक्षाच्या, शिंदेसेनेच्या शहाजीबापूंना एकटं पाडलं याची.